दुसरा गिअर ओढेना? पुण्याभोवतीच्या मातीनुसार क्वाडचं स्प्रॉकेट कसं निवडायचं

मुळशीकडच्या मुरमाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये क्वाडचं, म्हणजे हँडलवाल्या चारचाकी एटीव्हीचं, इंजिन किंचाळतंय, दुसरा टाकला की दहा-पंधरा फुटांत गुदमरतंय. मग क्लच अर्धा दाबून गाडी कशीबशी वर न्यायची आणि माथ्यावर थांबलं की प्लेटांचा जळका वास. ही तक्रार सांगितली की निम्मे जण म्हणतात, "पुढचा एक दात कमी कर." उरलेले म्हणतात, "मागे दोन वाढव." दात म्हणजे स्प्रॉकेटचे, चेन ज्या दातेरी चकत्यांवर फिरते त्यांचे: पुढची गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, मागची एक्सलवर. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात आणि दोन्ही फुकटही जाऊ शकतात. सगळं एका गोष्टीवर ठरतं: नेहमीच्या सगळ्यात वाईट जागेवर तुमचा दुसरा गिअर नेमका किती कमी पडतो.

आधी गाडी कोणती ते बघा. मागच्या एक्सलला चेनने फिरवणाऱ्या, हाताच्या क्लचच्या स्पोर्ट क्वाडसाठी हा लेख आहे, म्हणजे यामाहा रॅप्टर ७००, वायएफझेड ४५० या जातीच्या. चारही चाकं ओढणाऱ्या शाफ्टच्या क्वाडला स्प्रॉकेट नसतंच. रिसॉर्टवर दिसणाऱ्या बेल्टच्या ऑटोमॅटिक छोट्या क्वाडला मागे चेन असली तरी तिथे पिकअपचा पहिला इलाज व्हेरिएटरचे (बेल्टची पुली लहान-मोठी करणाऱ्या भागाचे) रोलर बदलणं हा आहे, स्प्रॉकेट नंतर.

गणित छोटं आहे, पण टाळू नका

मागच्या दातांना पुढच्या दातांनी भागा. १४/३८ म्हणजे पुढे १४, मागे ३८ दात: ३८ ÷ १४ = २.७१. पुढचं स्प्रॉकेट २.७१ वेळा फिरलं की मागची चाकं एकदा फिरतात. आकडा वाढला की ओढ वाढते आणि टॉप, म्हणजे सगळ्यात जास्त वेग, कमी होतो. गॅरेजच्या भाषेत हे पिकअपचं सेटिंग. आकडा घटला की टॉपचं सेटिंग.

१४/३८ वरून निघालो तर काय काय होतं ते बघा. मागे ४० केलं की २.८६, म्हणजे ओढ ५.३ टक्के जास्त. पुढे १३ केलं की २.९२, म्हणजे ७.७ टक्के. दोन्ही केलं, १३/४०, की ३.०८, म्हणजे थेट १३.४ टक्के. उलट्या बाजूला पुढे १५ केलं की २.५३, ओढ ६.७ टक्के कमी. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन, कारण १३/३८ आणि १४/४१ यांचा आकडा २.९२ आणि २.९३, म्हणजे एकच. "पुढचा एक किंवा मागचे दोन" हे समीकरण गॅरेजमध्ये चालतं, पण ते पुरतं खरं नाही.

जितकी ओढ वाढते तितकाच त्याच आरपीएमला वेग कमी होतो. १४/३८ वर तिसऱ्या गिअरचा कट (इंजिन याहून जास्त फिरू शकत नाही ती मर्यादा) ६० किमीला लागत असेल तर १३/३८ वर तो ५६ च्या आत लागेल.

आता टायर. इथेच बरेच जण फसतात. रॅप्टरला मागे २० इंची टायर येतं. चिखलासाठी २२ इंची बसवलं तर परीघ १० टक्के वाढतो आणि गाडीला न विचारता टॉपचं सेटिंग होऊन बसतं: २.७१ ÷ १.१ = २.४७. मग दुसरा गिअर ओढेना म्हणून कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर उघडला जातो, क्लच प्लेट बदलल्या जातात. बदलायचं असतं स्प्रॉकेट. मूळ ओढ परत आणायला २.७१ × १.१ = २.९९ पाहिजे, म्हणजे १३/३९ किंवा १४/४२. दोन्ही बरोब्बर ३.०० भरतात. टायर बदललं असेल तर पहिला हिशोब हाच. बाकीचं त्यानंतर.

उंचीचाही थोडा वाटा आहे. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळ १० टक्के घटते. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास. कोकणात ओढणारी गाडी महाबळेश्वरच्या बाजूला एक दात जड वाटली तर तिच्यात बिघाड शोधत बसू नका.

चाचणी: वहीत तीन ओळी

स्प्रॉकेट विकत घेण्याआधी एक सकाळ द्या. नेहमीची वाट धरा, टायरमध्ये नेहमीची हवा, अंगावर नेहमीचं सामान. सगळ्यात वाईट चढाच्या पायथ्यापासून तीनदा वर जा. पहिल्या फेरीत फक्त पहिला गिअर: इंजिन कटला लागतं का, आणि माथ्याच्या किती आधी? दुसऱ्या फेरीत पायथ्यालाच दुसरा टाका आणि क्लचला बोट लावू नका: कुठे दम तुटतो? तिसऱ्या फेरीत चढाच्या मध्यावर पहिल्यातून दुसरा टाका. प्रत्येक वेळी एक ओळ लिहा.

दुसऱ्या गिअरमध्ये गाडी माथ्याजवळ येऊन थोडक्यात मरत असेल, म्हणजे शेवटच्या काही फुटांपुरता क्लच लागत असेल, तर ५ ते ८ टक्क्यांत काम होतं. स्प्रॉकेट अशाच जागेसाठी आहे. चढ सुरू होताच इंजिन बसत असेल तर मात्र एका दाताने काही होणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधलं अंतर एका दाताच्या कितीतरी पट असतं, आणि स्प्रॉकेट ते अंतर कमी करत नाही, सगळे गिअर एकत्र खाली सरकवतं. दुसरा ओढेल इतकं खाली नेलं तर पहिला निकामी होईल, कारण गाडी हलायच्या आत कट लागेल. अशा चढाला पहिलाच गिअर वापरायचा आणि तो कटला लागतो म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही.

उलटी खूणही असते. सपाट वाटेवर सारखा वरचा गिअर शोधत पाय हलत असेल आणि पाचव्यातही इंजिन ओरडत असेल तर सेटिंग गरजेपेक्षा पिकअपचं आहे. एक पायरी टॉपकडे या.

मातीनुसार

मुरमाचा चढ, म्हणजे मुळशी, वेल्हे, पानशेतच्या मागच्या वाटा. इथे ५ ते ८ टक्के पिकअपकडे, म्हणजे १४/४० किंवा १३/३८. त्याहून जास्त ओढ दिली की मुरूम पायाखालून निसटावा तसा टायरखालून निसटतो. चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा पडतो आणि पुढचं टोक वर उठतं. तीव्र चढावर पुढची चाकं हलकी होणं ही गंमत नाही, क्वाड मागे उलटते ती तिथेच. उतारावर मात्र हेच सेटिंग फायद्याचं: बंद थ्रॉटलला इंजिन गाडी जास्त धरून ठेवतं, ब्रेक कमी तापतात.

मावळातला पावसाळी चिखल, भातखाचरांच्या कडेच्या वाटा. चिखलात दोन गोष्टी एकदम लागतात: ओढ, आणि टायरच्या गोट्यांमधला गाळ उडवून देण्याइतका चाकाचा वेग. पहिल्या गिअरमध्ये वेग मिळत नाही, दुसऱ्यात ओढ. म्हणून इथला खरा हेतू दुसरा गिअर कामाचा करणं हा आहे, आणि १३/३८ त्यासाठी चांगलं बसतं. चिखलाच्या २२ इंची टायरवर १३/४१ किंवा १३/४२. लाल-तपकिरी गाळ चेनमध्ये पॉलिशपेपरसारखा घासतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला चौकोनी दिसणारे पुढचे दात दिवाळीत शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कललेले दिसतात.

दौंड, शिरूर, बारामतीकडची काळी माती ओली असेल तर स्प्रॉकेटचा विचारच करू नका. ती टायर भरते, मग चिमटा (मागचा एक्सल धरणारा स्विंगआर्म) आणि चेनगार्डमधली जागा भरते, आणि शेवटी चेन सिमेंटमध्ये फिरल्यासारखी फिरते. इथे गाडी गिअरिंगमुळे अडत नाही. दोन दिवस ऊन पडू द्या. वाळलेल्या काळ्या मातीच्या शेतवाटेवर कंपनीचं सेटिंग बरोबर चालतं.

कातळ आणि दगडगोटे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुकला की पकड उत्तम देतो, ओला झाला की साबण. इथे वेग लागत नाही, क्लच न दाबता पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने जाता आलं पाहिजे. १२ ते १४ टक्के पिकअपकडे गेलात तरी चालेल, १३/४०. स्पोर्ट क्वाडचा मागचा एक्सल एकसंध असतो, डिफरन्शियल नसतं, त्यामुळे घट्ट कातळावर वळताना आतलं चाक घासत ओढावं लागतं आणि ती ताकदही इंजिनाकडूनच जाते. धोका खाली आहे. ५२० नंबरच्या चेनच्या ३८ दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास १९२ मिमी, ४० चा २०२, ४२ चा २१२. दर दोन दातांना स्प्रॉकेट ५ मिमी खाली येतं. २० इंची टायरवर दबाव धरून ४० दातांखाली जेमतेम १३ सेंमी उरतात. म्हणून दगडात ओढ हवी असेल तर ती आधी पुढच्या स्प्रॉकेटमधून घ्या, आणि मागच्याखाली जाड प्लेटचा गार्ड लावाच. एका धोंड्याने दोन दात वाकले की चेन उतरते, आणि उतरलेली चेन इंजिनाच्या केसिंगला भोक पाडू शकते.

वाळूबद्दल लोकांचं मत दोन टोकांना असतं, आणि दोन्ही टोकं आपापल्या इंजिनापुरती बरोबर आहेत. वाळू सतत ब्रेक लावल्यासारखी ओढून धरते. थांबलात की रुतलात. मोठ्या ताकदीच्या इंजिनाला चाकाचा वेग हवा असतो, ते १५/३८ वर आनंदाने पळतं. ४०० सीसीच्या खालच्या इंजिनाला तेच दिलं तर चौथा टाकताच दम तुटतो, मग तिसऱ्यात परत, आणि या अदलाबदलीत गाडी बसते. त्यांनी एक पायरी पिकअपकडेच राहावं. वल्ह्याचे पॅडल टायर लावले तर आणखी एक, कारण ते घसरत नाहीत, सगळा भार इंजिनावर टाकतात. समुद्रकिनाऱ्यावर किंवा नदीपात्रात परवानगी असेल तिथेच जा. खारं पाणी लागलं तर चेन त्याच दिवशी धुवा.

शेतात फवारणीची टाकी किंवा छोटी ट्रॉली ओढायची असेल तर कातळाचंच सेटिंग लावा.

कुठून आणायचं, काय बघून

सगळ्यात आधी चेनचा नंबर, तो बाहेरच्या पट्टीवर कोरलेला असतो. मोठ्या स्पोर्ट क्वाडला बहुधा ५२०: पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी, आतली रुंदी ६.३५ मिमी. छोट्या क्वाडला ४२० किंवा ४२८, दोन्हींचा पिच १२.७ मिमी, पण रुंदी आणि रोलर वेगळे. ४२० च्या स्प्रॉकेटवर ४२८ ची चेन चढते आणि डुगडुगत चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. उलट केलं तर चढतच नाही.

नाना पेठेत "चेन सॉकेट" मागितलं तरी काउंटरवरचा माणूस बरोबर चेन-स्प्रॉकेटच काढतो, त्याची काळजी नको. काळजी स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या खाचांची, करा. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ला ५२० चीच चेन असते, त्यामुळे चांगली सील असलेली चेन पुण्यात सहज मिळते. पण तिचं पुढचं स्प्रॉकेट दात जुळतात म्हणून क्वाडच्या शाफ्टवर बसेल असं नाही. जुनं स्प्रॉकेट सोबत न्या, एकमेकांवर ठेवा, खाचा मोजा, आतला व्यास आणि कॉलरची जाडी व्हर्निअरने तपासा.

मागचं मिळत नसेल तर भोसरीत बनवून घेता येतं. लेझर कटिंगवाल्याला पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, बोल्टची संख्या आणि साइझ, दातांची संख्या, चेन नंबर एवढं लागतं. ईएन८ स्टीलची प्लेट चालते. जाडी ५.८ ते ५.९ मिमीपर्यंत ग्राइंड करून घ्या, पूर्ण ६.३५ ठेवलीत तर चेन अडकेल. दातांच्या दोन्ही कडांना उतार मारून घ्या आणि दात इंडक्शनने कडक करून घ्या. हे दोन खर्च वाचवलेली स्प्रॉकेटं चेनच्या आतल्या पट्ट्या खातात. पुढचं स्प्रॉकेट असं बनवू नका. ते ईएन३५३ सारख्या स्टीलचं, कार्ब्युराइझ केलेलं लागतं, आणि एक नग कुणी नीट करून देत नाही.

ॲल्युमिनिअमचं मागचं स्प्रॉकेट हलकं आणि देखणं असतं. आपल्या मुरमात आणि गाळात ते टिकत नाही. स्टीलच घ्या.

पुढे १२ दातांपर्यंत उतरायचा मोह होईल. टाळा. चेन एका सरळ गतीने जात नाही, दातागणिक थोडी हिसकते. १४ दातांवर हा फरक २.५ टक्के, १२ वर ३.४. शिवाय ६१ मिमीच्या वर्तुळाभोवती वळताना प्रत्येक कडी जास्त दुमडते आणि चेन चिमट्यावरच्या रबरी पट्टीवर टेकून घासते. १२ ऐवजी १३ ठेवा आणि मागे तीन वाढवा. १३ चा आणखी एक फायदा: चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळे सम दातांच्या स्प्रॉकेटवर एकाच दाताला कायम एकाच प्रकारची कडी भेटते. विषम दातांवर ती आलटून पालटून येते आणि झीज वाटली जाते.

बसवणं

जुनी चेन ठेवायची की नाही ते मोजून ठरवा. चेन ताणून २० पिच मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नवी ५२० इथे ३१७.५ मिमी भरते. ३२१ च्या पुढे गेली असेल तर तिच्यावर नवं स्प्रॉकेट चढवू नका, लांबलेली चेन नव्या दातांना महिन्याभरात आपल्यासारखं करते.

पुढचा नट आधी सैल करा, चेन जागेवर असताना, दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबायला लावून. चेन काढल्यावर हा नट सोडायला गेलात तर शाफ्ट नटाबरोबर फिरत राहतो, आणि मग कुणीतरी दातांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकवतं. केसिंग तिथे फुटतं. लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी छिन्नीने सरळ करा, बसवताना वॉशर नवा घाला.

मग एक्सलच्या कॅरिअरचे (एक्सलची बेअरिंग धरणाऱ्या भागाचे) पकड बोल्ट सैल करून चेन ढिली करा. इथे एक आकडा लक्षात ठेवा: ५२० पिचमध्ये एक दात बदलला की एक्सल सुमारे ४ मिमी सरकतो. मागे दोन वाढवले तर ८ मिमी पुढे, पुढचा एक कमी केला तर ४ मिमी मागे. आत्ता तुमचं ॲडजस्टमेंट कुठे आहे ते बघा आणि तेवढी जागा शिल्लक आहे का ते आधीच कळेल. नसेल तर चेनच्या दोन कड्या कमी-जास्त कराव्या लागतील; एकच कडी कमी करता येत नाही. एक्सेंट्रिक कॅरिअर असेल तर तो फिरवताना एक्सल वर-खालीही होतो, गाडीची मागची उंची बदलते, हे दगडात जाणाऱ्यांनी विसरू नये.

पुढच्या स्प्रॉकेटची कॉलरची बाजू जुन्यासारखीच ठेवा. मागचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा, निळं लॉकटाइट लावून, टॉर्क पुस्तकात दिला असेल तो. चेन लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला. उलट लावलेलं लॉक फांदी लागली की निघतं.

ढिलाई मोजताना फसवणूक होते. स्टँडवर योग्य वाटणारी चेन सस्पेन्शन दबलं की ताठ होते, कारण पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि एक्सल एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त असतं. दोन माणसं मागे बसवून त्या स्थितीत चेन बोटाने थोडी हलतेय याची खात्री करा. मग गाडी रिकामी करून पुस्तकातला आकडा तपासा; बहुतेक स्पोर्ट क्वाडना तो २५ ते ४० मिमीच्या दरम्यान असतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागेवरचं माप धरा. जास्त ताठ चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ते काढायला अख्खं इंजिन उघडावं लागतं.

शेवटी हाताने चाकं फिरवा आणि तीन जागा बघा: पुढच्या कव्हरच्या आत चेन आणि केसिंगमधली फट (१५ दात लावलेत तर इथेच अडतं), चिमट्यावरची रबरी पट्टी, आणि मागचा गार्ड. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर यापुढे तो खोटं बोलेल. १३/३८ वर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ५६ ला असेल.

अर्धा तास चालवून सगळे बोल्ट आणि ढिलाई पुन्हा तपासा. त्याच चढावर त्याच तीन फेऱ्या, त्याच वहीत. बहुतेक क्वाडची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, तेव्हा चढापर्यंत छोट्या हत्तीतून न्या. आणि चाचणीला वेताळ टेकडी किंवा तळजाई नको. त्या टेकड्या पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या आहेत.

चिखलानंतर चेन डिझेलने आणि ब्रशने धुवा, सील असलेल्या चेनला पेट्रोल लावू नका, आणि वॉशिंगचा प्रेशर पाइप थेट कड्यांवर मारू नका. वाळली की ईपी ९० गिअर ऑइलचा पातळ हात. चिकट स्प्रेवर मुरमाची पूड बसते. काढलेलं जुनं स्प्रॉकेट चांगलं असेल तर तेल लावून कागदात गुंडाळा, वर मार्करने दात आणि महिना लिहा: "३८, मुरूम, मे." पाऊस संपला की तेच परत चढवायचं असतं.